सुरांचे ऋण

लग्नसराईत शिंदखेड्याच्या रस्त्यावर बँड वाजू लागला, की क्लॅरिनेट आणि ट्रंपेट यांच्या नादात एखादे जुने चित्रपटगीत ओळखू येते. ही वाद्ये परकी आहेत, असे वरातीतील कोणाच्याही मनात येत नाही. चित्रपटगीतांना वाद्यमेळाची ही शिस्त ज्यांनी दिली, त्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक पुष्कळ होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांपैकी एक. त्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे मेस्त्र, म्हणजे संगीतशिक्षक होते. या मेस्त्रांची परंपरा पोर्तुगीज राजवटीतील पॅरिश शाळांपर्यंत जाते. व्हायोलिन, स्वरलिपी आणि समूहगान तेथे शिकविले जाई. या मार्गाने मागे गेलो, तर आपण युरोपातील बरोक संगीताच्या काळात पोहोचतो.

‘बरोक’ हे नाव वेड्यावाकड्या मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. हा कालखंड साधारणतः इ.स. १६०० ते १७५० असा धरतात. त्यापूर्वीच्या गायनात अनेक आवाजांच्या गुंफणीत शब्द हरवत. उपासनेचे शब्द ऐकणाऱ्यास स्पष्ट कळावेत, हा विचार ट्रेंटच्या धर्मसभेतही (१५४५–१५६३) पुढे आला होता. पुढे इटलीत मॉन्तेव्हेर्दीने स्वरांना शब्दांच्या अर्थामागे चालावयास लावले. त्याचा ‘ऑर्फेओ’ १६०७ साली रंगभूमीवर आला. याच काळात एक नवी रीत रूढ झाली. रचनाकार खर्जाची एकच ओळ लिही आणि तिच्याजवळ आकडे घाली. त्या आकड्यांवरून वरचे स्वर ऑर्गनवादकाने स्वतःच्या बुद्धीने भरावयाचे. पाया दिलेला, पण बांधणी वादकाची!

नेमक्या त्याच वर्षांत फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात ख्रिस्तचरित्र मराठीत रचीत होते. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथासाठी त्यांनी येथील लोकांच्या कानांना परिचित असलेला छंद निवडला. शब्द ऐकणाऱ्याच्या अंतःकरणापर्यंत जावा, हाच ध्यास येथेही होता.

परंतु इतिहास एवढ्यावर थांबत नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. १७३६ साली धर्मन्यायालयाच्या फर्मानाने लग्नात गायिल्या जाणाऱ्या ‘वोव्यो’ निषिद्ध ठरविल्या. ज्या चर्चमध्ये मुलांच्या हाती प्रेमाने व्हायोलिन दिले जात होते, त्याच चर्चच्या नावाने नवरीच्या आईचे गाणे बंद केले जात होते. आम्हां खानदेशातील माणसांना ही गोष्ट विशेष बोचते. आमच्याकडे ओवी जात्यावर जगली. आसोद्याच्या निरक्षर बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) मुखी तिचे काव्य झाले. तिला कोणी गुन्हा ठरविले असते तर?

म्हणून प्रश्न उभा राहतो : अन्यायाच्या सावलीत आलेले सौंदर्य आपण स्वीकारावे काय? कोणी म्हणतील, ते परके आणि कलंकित, टाकून द्यावे. कोणी म्हणतील, सुरांना पाप नसते, मुकाट्याने ऐकावे. आम्हांस दोन्ही उत्तरे सोयीची वाटतात. पहिल्याने त्या मेस्त्रांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या साधनेचा अपमान होतो. त्यांनी दिलेल्या खर्जावर स्वतःचे स्वर भरले आणि ते संगीत खरोखरच आपले केले. दुसऱ्याने गप्प केल्या गेलेल्या स्त्रिया पुन्हा एकदा विस्मरणात जातात.

आमच्या मते स्वीकार करावा, पण ऋणासह. द्वितीय व्हॅटिकन धर्मसभेने १९६३ साली लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान देण्यास सांगितले. ती केवळ सवलत नव्हे, ते आपले कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो. गायकवृंदातील मुलांना बाख अवश्य शिकवावा. पण त्याच मुलांना आजीकडून एक ओवीही शिकू द्यावी आणि १७३६ साली काय घडले, हेही त्यांच्यापासून लपवू नये. सत्य सांगितल्याने बाखचा एकही सूर उणा होणार नाही. उलट, ज्या गाण्यांना तेव्हा दार बंद झाले, त्यांना आज वेदीजवळ बोलाविण्याची जबाबदारी आपल्या ध्यानी येईल.