मैदान सोडावे की राखावे?

आपल्या भाषेत 'मैदान सोडणे' हा शब्दप्रयोग निंदेसाठीच योजला जातो. जो मैदान सोडतो तो भित्रा, आणि जो अखेरपर्यंत उभा राहतो तो शूर, असा निवाडा भाषेने या दोन शब्दांतच करून ठेवला आहे. परंतु याच भाषेत 'त्याग', 'संन्यास', 'बहिष्कार' हे शब्द आदराने उच्चारले जातात. म्हणजे सोडणारा मनुष्य एकाच कृतीमुळे एकाला पळपुटा दिसतो, तर दुसऱ्याला तेजस्वी. यांपैकी कोणती दृष्टी केव्हा खरी मानावी, हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. आणि त्याला चालना मिळाली ती कोणा तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथातून नव्हे, तर आयर्लंडातील एका बुडालेल्या फुटबॉल क्लबाच्या हकीकतीतून. बुडालेला तरी कसा म्हणावा? तो ऐन भरात असताना आपण होऊन मिटला. फुटबॉलचे नाव काढताच आमच्या काही वाचकांच्या कपाळी आठी पडेल, हे आम्ही जाणतो. त्यांना एवढेच सांगतो की, मनुष्यस्वभाव खेळाच्या मैदानावर जितका उघडा पडतो तितका सभांच्या ठरावांत क्वचितच पडतो.

बेलफास्ट हे आयर्लंडच्या उत्तर भागातील लिननच्या गिरण्यांचे आणि जहाजबांधणीचे शहर. तेथील वस्ती प्रॉटेस्टंट व कॅथलिक अशा दोन पंथांत विभागलेली, आणि पंथाबरोबर राजनिष्ठाही विभागलेली. १८९१ साली शहराच्या पश्चिमेकडील कॅथलिक मजुरांच्या वस्तीत 'बेलफास्ट सेल्टिक' हा क्लब निघाला. स्कॉटलंडातील ग्लासगो येथे आयरिश कॅथलिकांच्या सेल्टिक क्लबाला नुकतेच यश येऊ लागले होते. त्याचेच नाव आणि पुढे त्याचेच हिरवे-पांढरे पट्टे या नव्या क्लबाने उचलले. पहिल्या दहा वर्षांत लीगचे विजेतेपद मिळाले, एक कंपनी स्थापन झाली, डॉनेगॉल रोडवर स्वतःचे मैदान झाले. त्या मैदानाला भोवतालचे लोक 'पॅरडाइज' म्हणत. ज्यांच्या वाट्याला आठवडाभर गिरणीचा कोंदट अंधार, त्यांनी शनिवारच्या दोन तासांना स्वर्ग म्हणावे, यात अतिशयोक्ती फारशी नाही.

या क्लबाची एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. तो कॅथलिकांचा म्हणून ओळखला गेला तरी खेळाडू निवडताना त्याने पंथ पाहिला नाही. त्याच्या संघात प्रॉटेस्टंट खेळाडू नेहमीच असत. आणि १९३४ पासून अखेरपर्यंत ज्याने संघ घडवला, तो एलिशा स्कॉट, एके काळचा लिव्हरपूलचा ख्यातनाम गोलरक्षक, हाही प्रॉटेस्टंटच. त्याच्या कारकीर्दीत १९३६ ते १९४० अशी सलग पाच वर्षे लीग याच क्लबाकडे राहिली. एकंदर चौदा वेळा लीग आणि आठ वेळा आयरिश कप, असा त्याचा लौकिक आहे.

तथापि त्याला केवळ निरपराध म्हणून रंगवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १७ मार्च १९२० रोजी ग्लेनटोरन क्लबाशी कपाचा सामना चालू असता सेल्टिकच्या एका खेळाडूला पंचाने बाहेर काढले. लोक मैदानात घुसले आणि सेल्टिकच्या बाजूच्या गर्दीतील एका इसमाने पिस्तूल झाडले. त्या वर्षी त्यांना कपाच्या स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. पुढे आयर्लंडची फाळणी, शहरातील दंगे, रक्तपात. या धामधुमीत सेल्टिकने लीगमधूनच अंग काढून घेतले आणि १९२४ साली तो परतला. परतल्यावर दोनच वर्षांनी त्याने लीग जिंकली, आणि ती सलग चार वर्षे हातून जाऊ दिली नाही. मैदान सोडण्याचा हा पहिला प्रसंग. तो पुढे उपयोगी पडेल, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

दुसरा प्रसंग २७ डिसेंबर १९४८चा. प्रॉटेस्टंटांचा लाडका क्लब लिनफील्ड. त्याच्या विंडसर पार्क या मैदानावर सेल्टिकचा सामना होता. पूर्वार्धात लिनफील्डचा एक खेळाडू सेल्टिकच्या जिमी जोन्सशी टक्कर होऊन जखमी झाला. मध्यंतरात ध्वनिक्षेपकावरून लोकांना सांगण्यात आले की, त्याचा पाय मोडला आहे. बातमी सांगणे हा काही अपराध नव्हे. परंतु कोणत्या क्षणी, कोणापुढे आणि कोणत्या सुरात ती सांगावी याचा विवेक सुटला म्हणजे बातमीचीही काठी होते. सेल्टिकने पेनल्टीवर गोल केला होता. सामना संपता संपता लिनफील्डने बरोबरी साधली. पंचाची शेवटची शिटी होताच शेकडो लोक आत धावले. जोन्सला कठड्यावरून ओढून खाली टाकण्यात आले, आणि त्याचा पाय मोडेपर्यंत तुडवण्यात आले. त्याचा एक मित्र, जो दुसऱ्याच एका क्लबाचा गोलरक्षक होता आणि केवळ सामना पाहावयास आला होता, त्याच्या अंगावर आडवा पडला म्हणून त्याचा जीव वाचला. पोलीस हजर होते. त्यांनी दिलेले संरक्षण पुरेसे नव्हते, असे सेल्टिकच्या संचालकांनी जाहीरपणे म्हटले. शिक्षा काय, तर विंडसर पार्क काही आठवडे बंद! आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. पाय मोडला गेलेला हा जिमी जोन्स स्वतः प्रॉटेस्टंट होता. गर्दीने पंथ पाहिला नाही, अंगावरचे पट्टे पाहिले.

सेल्टिकने हंगाम पुरा केला आणि एप्रिल १९४९ मध्ये लीगमधून अंग काढून घेतले. त्यानंतर संघ ठरल्याप्रमाणे अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, आणि २९ मे रोजी न्यूयॉर्क येथे त्याने स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाला २–० असे हरवले. त्याच वसंतात वेम्बलीवर इंग्लंडला नमवणारा हा स्कॉटलंडचा संघ! त्याला पाणी पाजणारा क्लब वस्तुतः त्या वेळी मेलेलाच होता. पुन्हा तो लीगमध्ये कधीच आला नाही.

संचालकांनी हे योग्य केले काय? आम्ही प्रथम त्यांच्या बाजूने विचार करतो. क्लबाजवळ पोलीस नाहीत, न्यायासन नाही. ज्यांच्याजवळ ही साधने आहेत ते स्वस्थ बसतात, तेव्हा क्लबाने काय करावे? 'धीर धरा, खेळत राहा' असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्या धैर्याची किंमत संचालकांच्या पायांनी द्यावयाची नसून वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या पायांनी द्यावयाची असते. स्वतःचे शरीर पणाला लावणे हे शौर्य. दुसऱ्याचे लावणे याला शौर्य म्हणण्यास आमची जीभ वळत नाही. कौरवसभेतील द्यूताचा दोष हाच नव्हता काय, की जे आपले नव्हते ते पणाला लावले गेले? या एका मुद्द्यापुढे सेल्टिकला भित्रा म्हणणाऱ्यांचे तोंड बंद होते, असे आम्हाला वाटते.

परंतु प्रश्न येथे मिटत नाही. सोडण्याने अन्यायाचे निवारण झाले काय? आयर्लंड हा तर बहिष्काराचा देश. १८८० साली मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी गावकऱ्यांनी सर्व व्यवहार तोडले, आणि त्याच्या नावाचा शब्दच इंग्रजी भाषेला मिळाला. परंतु तेथे गावकऱ्यांवाचून त्या कारभाऱ्याचे पीक शेतात उभे राहिले होते. बहिष्काराचे बळ बहिष्कार घालणाऱ्याच्या निश्चयात जितके असते, तितकेच समोरच्याच्या गरजेत असते. सेल्टिकवाचून लीगचे पीक उभे राहिले नाही. सेल्टिकची जागा क्रुसेडर्स नावाच्या क्लबाला मिळाली, आणि पुढचा हंगाम वेळेवर सुरू झाला. ज्यांनी जोन्सला तुडवले त्यांची शनिवारची दुपार होती तशीच राहिली. दुपार गेली ती फॉल्स रोडवरच्या माणसाची.

त्या माणसाला कोणी विचारलेच नाही, हे आमच्या मते या प्रकरणातील खरे शल्य आहे. कायद्याने क्लब कंपनीचा होता, हे खरे. परंतु साठ वर्षे ज्यांनी पावसात उभे राहून, शिलिंगामागून शिलिंग देऊन त्या नावाला अर्थ आणला, त्यांचा त्यावर काहीच अधिकार नव्हता काय? देवस्थानाचे पंच देवळाच्या जमिनीचे कागद आपल्या पेटीत ठेवतात; म्हणून उत्सव बंद करण्याचा अधिकार त्यांना आपोआप येत नाही. आणि गर्दीला शंका येण्यास कारणही होते. १९२७ पासून त्याच मैदानावर कुत्र्यांच्या शर्यती चालू होत्या. फुटबॉल गेला, पण शर्यती राहिल्या; कंपनीचे उत्पन्न राहिले. संचालकांनी लोभाने क्लब मोडला असे आम्ही म्हणत नाही. कपाटात चषकांची रांग लावणारा संघ लोभी मनुष्य मोडीत काढत नाही. परंतु त्यांनी आपली बाजू लोकांपुढे पूर्णपणे कधी मांडली नाही, आणि अबोल त्यागावर ज्याला जो अर्थ चिकटवावासा वाटेल तो तो चिकटवतो. रुसून कोपऱ्यात बसलेल्या माणसात आणि सत्यासाठी उठून गेलेल्या माणसात बाहेरून फरक दिसत नाही; तो फरक उठणाऱ्याने दोन शब्द बोलून दाखवावा लागतो. एवंच, सोडण्याचा अधिकार आम्ही संचालकांना देतो. त्या मौनाचा देत नाही.

१९२०चे सोडणे आणि १९४९चे सोडणे यांतील भेदही येथेच आहे. पहिल्या वेळी दार लोटून घेतले होते, दुसऱ्या वेळी भिंत घातली. याच प्रांतातील डेरी सिटी क्लबाचे उदाहरण पाहावे. दंगलींच्या काळात स्वतःच्या मैदानावर खेळण्यास इतर क्लबांनी संमती नाकारल्यावर १९७२ साली तोही उत्तरेच्या लीगमधून बाहेर पडला. परंतु त्याने नाव, मैदान आणि लहान स्पर्धा सोडल्या नाहीत. तेरा वर्षांनी, १९८५ साली, तो सीमेपलीकडच्या दक्षिणेच्या लीगमध्ये दाखल झाला. अर्थात यावर कोणी म्हणेल की, १९६९ नंतरच्या बेलफास्टमध्ये सेल्टिक असता तर त्याच्या सामन्यांत एक पाय मोडण्यावर निभावले नसते. हा आक्षेप आम्हाला वजनदार वाटतो. त्यामुळे मघाशी दिलेला निवाडा आम्ही पूर्वीइतक्या जोराने पुन्हा उच्चारू शकत नाही.

पॅरडाइजवर १९८३ पर्यंत कुत्रे धावले. नंतर मैदान मोडून तेथे दुकानांची मोठी इमारत झाली. त्या इमारतीत क्लबाच्या आठवणी जपणारे एक लहानसे संग्रहालय लोकांनी मांडले, आणि अलीकडे शहरातील एका छोट्या क्लबाने बेलफास्ट सेल्टिक हे नावही धारण केले आहे.

आणि जिमी जोन्स? ज्याला मैदान सोडण्याचा अधिकार सर्वांहून अधिक होता, तो पाय सांधला जाताच परत आला. एक पाय दुसऱ्याहून आखूड झाला होता. लर्गन गावच्या ग्लेनावन क्लबाकडून तो वर्षानुवर्षे खेळला. १९५२ साली त्या क्लबाने लीग जिंकली, बेलफास्टबाहेरच्या क्लबाने ती जिंकण्याची ती पहिली वेळ. १९५६ साली जोन्स उत्तर आयर्लंडच्या राष्ट्रीय संघातही आला. त्या संघाचे घरचे सामने जेथे होत, ते मैदान विंडसर पार्क.