शेवटचे घर

१९८६ सालच्या नोव्हेंबरात मी एक खोटा आकडा लिहिला. तो कुठल्या तरी बेरजेत गेला असणार, आणि बेरजेत मिसळलेला आकडा पुन्हा वेगळा काढता येत नाही.

आम्ही तंजावरचे मराठी. घरात आमची जुनी दक्षिणी मराठी, दारात तमिळ. पुण्याच्या पाहुण्यांना आमचे बोलणे ऐकून हसू येते, येऊ द्या. कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होतो तेव्हा एका कुटुंब-पाहणीसाठी पोरे हवी होती. पाहणी कोणाची होती ते सांगून आता उपयोग नाही. भरलेल्या फॉर्ममागे पैसे मिळत. तिरुवैयारूच्या पुढे, कुडमुरुट्टी नदीच्या काठची दोन गावे माझ्या वाट्याला आली. प्रश्न घरखर्चाचे होते. गेल्या तीस दिवसांत तांदूळ किती, डाळ किती, तेल, रॉकेल, विडी-सुपारी, औषधपाणी. नीट विचारले तर एका घराला दीड-दोन तास लागत.

यादीतले शेवटचे घर कालव्याच्या पलीकडे, मजुरांच्या वस्तीत होते. त्या वस्तीला तिकडे चेरी म्हणतात. ईशान्येचा पाऊस लागला होता, ओलांडायला टाकलेला माडाचा ओंडका पाण्याखाली गेला होता. मोठा वळसा घालून जाता आले असते. मी अलीकडच्या देवळाच्या ओसरीवर बसलो आणि सकाळी भरलेल्या एका फॉर्मवरून तो शेवटचा फॉर्म भरून टाकला. माणसे पाच. तांदूळ पन्नास किलो. सकाळचे घर दोन एकरवाल्या शेतकऱ्याचे होते. सांबाचे पीक कापणीला यायला अजून दोन महिने होते, आणि मजुरांच्या घरात हेच दिवस टंचाईचे. मला हे ठाऊक होते. मी तिथलाच होतो.

पुढे बरीच वर्षे मी स्वतःला एकच प्रश्न विचारत आलो : यात मी फसवले कोणाला? त्या घरातल्या माणसांना तर पत्ताही नाही. हजारो घरांतले एक घर. त्याने सरासरी कितीशी हलणार? पण संख्याशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा हे समाधानही गेले. नमुना-पाहणीत निवडलेले घर एकटे नसते. त्याला गुणक असतो. न निवडलेल्या शेकडो घरांच्या वतीने ते बोलते. ओसरीवर बसून मी एका घराची नव्हे, शेकडो घरांची अर्धपोटी रात्र पुसली होती. खोटे एकदाच बोललो आणि ते गुणले गेले.

माझी चूक मी दुसऱ्यावर ढकलत नाही. तरी त्या दराकडे बघायलाच हवे. पहिल्या घराचा फॉर्म आणि शेवटच्या घराचा फॉर्म, दोन्हींना मोबदला सारखाच. पहिले घर रस्त्यावर होते, तिथे घरमालकाने कॉफी दिली. शेवटच्या घराला वळसा, चिखल, आणि घरातली बाई कामावरून परत येईपर्यंत थांबणे. मोजणीत शेवटचे घर नेहमी महाग पडते. म्हणून मोजणीचे पैसे कापले की सगळीकडून थोडेथोडे कापले जात नाही. आधी शेवटचे घर कापले जाते. (शहरात याच्या उलटेही घडते. श्रीमंतांच्या संकुलात पहारेकरी गणकाला फाटकातच अडवतो. पण ते घर न मोजले गेल्याने उपाशी राहत नाही.)

मग त्या वळशाचे पैसे कोणी द्यायचे? साबण विकणारी कंपनी पाहणी करते तेव्हा जिथे साबण खपेल तिथेच जाते, आणि त्यात गैर काही नाही. कालव्यापलीकडच्या घराचा आकडा विकत घेणारे गिऱ्हाईक बाजारात नाही. उरते सरकार. आणि इथे खरी अडचण सुरू होते, कारण तो आकडा नको असण्याचे सर्वांत मोठे कारणही सरकारकडेच असते. आपल्याविरुद्ध साक्ष देऊ शकणाऱ्या साक्षीदाराचा प्रवासखर्च आपणच द्यायचा, आणि तोही तो काय बोलेल हे कळण्याआधी द्यायचा, असा हा व्यवहार आहे.

राज्यकर्त्यांनी मोजणीवर कधी खर्च केला नाही असे नाही. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या पायथ्याशी राजराज चोळाचे लेख आहेत. देवळाला लावून दिलेल्या गावांची जमीन त्यांत अतिशय बारीक अपूर्णांकांपर्यंत मांडली आहे. गावाचे एकूण क्षेत्र, त्यातून वजा गावठाण, देवळे, तळी, गावातून जाणारे कालवे, कारागिरांची वस्ती, परैयरांची चेरी, स्मशान. उरली ती कराची जमीन. हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब वाचताना मान डोलते. मग लक्षात येते की चेरी यात आहे ती वजाबाकीत. तिथे कर निघत नाही, एवढेच राजाला कळायला हवे होते. तिथे काय शिजते, हे नव्हे.

हा दुसरा प्रश्न विचारला जायला फार काळ जावा लागला. मद्रास विद्यापीठात गिल्बर्ट स्लेटर अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले आणि १९१६ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना खेड्यांच्या पाहणीला लावले. त्या खेड्यांत तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातले पालकुरिची होते. १९३७ मध्ये टॉमस आणि रामकृष्णन यांनी त्याच गावांची फेरपाहणी केली. आपल्याच जिल्ह्यात १९६८च्या नाताळच्या रात्री कीळवेण्मणी इथे ४४ दलित जाळून मारले गेले. मजुरीच्या भातात अर्धे माप वाढवून मागण्याचा तो झगडा होता. पुढच्याच वर्षी पूर्व तंजावरसाठी शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा झाला. माप किती मिळते हे कोणीतरी तिथे जाऊन लिहून ठेवल्याशिवाय ‘रास्त’ या शब्दाला कशाचाच आधार नसतो.

खरा आकडा महाग का, हे मला साताऱ्याकडच्या बुध गावात जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांच्यामुळे नीट समजले. पिकाचा उतारा काढण्यासाठी शेतात तुकडा आखून तेवढेच पीक कापून तोलतात. १९४०च्या दशकात सुखात्म्यांनी दाखवले की तुकडा फार लहान घेतला तर उतारा फुगतो. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की हात नकळत ते आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान तितकी त्याला कड जास्त. यावर प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी त्यांचा वाद झाला. यात कोणीही लबाड नव्हते, हे मला विलक्षण वाटते. मोठा तुकडा म्हणजे जास्त मजूर, जास्त वेळ, जास्त खर्च, आणि त्या खर्चाने विकत घ्यायचे काय, तर आपल्याच हाताचा ओढा थोडा कमी होणे. आज आमच्याकडे भातासाठी पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखतात.

एक आक्षेप मी सहज बाजूला सारू शकत नाही. त्या बाईला फॉर्म नको होता, तांदूळ हवा होता. मग पैसे तांदळावरच का खर्च करू नयेत? तमिळनाडूने बऱ्याच अंशी तेच केले. गरीब कोण हे न विचारता रेशन सर्वांना खुले ठेवले, आणि माझ्या फॉर्मपेक्षा त्या निर्णयाने जास्त घरांत चूल पेटली असेल. देशाचे मात्र तसे नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली किती जणांना धान्य मिळायचे, याचा हिशेब अजून २०११च्या जनगणनेवर उभा आहे. पुढच्या जनगणनेसाठी डिसेंबर २०१९ मध्ये ८,७५४ कोटी रुपये मंजूर झाले होते. आधी साथ आली, मग तारखा पुढे जात राहिल्या. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. म्हणजे पैसे ठेवून भागत नाही, मोजायची इच्छा लागते.

आणि मोजून झाल्यावर ऐकायचीही. २०१७-१८ची घरखर्चाची राष्ट्रीय पाहणी पूर्ण झाली, पण तिच्या दर्जाबद्दल शंका आहे असे सांगून नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने ती प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. शंका खरीही असेल. पण मग आकडे शंकेसकट लोकांपुढे ठेवता आले असते. हजारो घरांतल्या बायकांनी चुलीपुढून उठून दोन-दोन तास उत्तरे दिली होती. त्यांचे देणे कोणत्या खात्यात टाकायचे? अमेरिकेतही २०२५ मध्ये मनुष्यबळ कमी पडल्याने काही शहरांतली किमतींची नोंद थांबली, आणि त्याच ऑगस्टमध्ये रोजगाराचे आकडे न आवडल्याने आकडे काढणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांना काढून टाकले गेले. दोन्ही बातम्या मी एकाच कात्रणवहीत चिकटवल्या आहेत. पैसे आटणे आणि माणूस हलवणे, यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

गेल्या जानेवारीत पोंगलनंतर त्या गावी गेलो होतो. कालव्यावर आता सिमेंटचा पूल आहे. पलीकडे पक्की घरे आहेत, दारांत मोटारसायकली. यादीतले ते घर नेमके कोणते, हे सांगता येईना; नाव मला आठवत होते, पण ते त्या गावात चौघांचे तरी असेल. एका ओट्यावर म्हातारी धान्य पाखडत बसली होती. माझ्या खांद्यावरची पिशवी आणि हातातली वही बघून तिने विचारले, “कशाची नोंद आहे, अय्या?”

नोंद कशाचीच नाही, म्हणालो. तिने बसायला जागा केली. गेल्या महिन्यात तांदूळ किती लागला, असे मी विचारले. ती बोटांवर मोजू लागली, मध्येच थांबली, आतल्या सुनेला हाक मारून विचारले, मग पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.