सुई आधी, पाटी नंतर

“जरा सुई ओवून दे रे.” ही हाक ज्यांनी लहानपणी ऐकली, त्यांचं शिवणाचं शिक्षण त्याच क्षणी सुरू झालं होतं. उन्हाळ्याच्या दुपारी माजघरात जुन्या लुगड्यांचे थर अंथरून आजी गोधडी शिवायला बसायची. कडेने सुरुवात करून धावदोरा आत आत सरकत जायचा, आणि दोरा संपला की हाक यायची. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं धूसर दिसू लागतं. मराठीने त्या वयाचंच नाव चष्म्याला देऊन टाकलं, चाळिशी. आजीची चाळिशी चरे पडलेली होती, म्हणून नातवाचे डोळे कामाला यायचे. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायचं, दोन बोटांत पीळ द्यायचा, सुई दाराच्या उजेडाकडे धरायची, आणि नेढ्यातून पलीकडचा उजेड दिसला की टोक आत सारायचं.

नेढं हा शब्द मी तेव्हा शिकलो. पुढे राजगडाच्या सुवेळा माचीवर गेलो. तिथे कातळाला आरपार भोक पडलेलं आहे आणि त्यातून वारा सोसाट्याने वाहत असतो. त्यालाही नेढंच म्हणतात हे कळलं, तेव्हा मला आजीची सुई आठवली. ज्यांनी डोंगराला हे नाव दिलं, त्यांच्या घरात सुई रोज हाताळली जात असणार. त्याशिवाय एवढ्या मोठ्या कातळाकडे बघून एवढीशी वस्तू आठवत नाही.

गेली काही वर्षं शनिवारी दुपारी मी वस्तीतल्या आठ-दहा मुलांना शिवायला शिकवतो. पाच ते आठ वयाची मुलं, मुली आणि मुलगे दोन्ही. पहिल्या दिवशी सुई हातात देत नाही. वर्ग दसऱ्याच्या आधी सुरू झाला तर फारच चांगलं, कारण झेंडूची फुलं आणि दाभण यांच्यासारखा पहिला धडा दुसरा नाही. फूल जाड असतं, दाभण हातात मावतो, आणि केलेल्या कामाचं तोरण त्याच संध्याकाळी दाराला लागतं. मग गोणपाट आणि लोकरीचा धागा. गोणपाटाची वीण उघडी असते, उभा आणि आडवा धागा मुलांना बोटाने मोजता येतो. त्यानंतर मॅटी, आणि सगळ्यांत शेवटी जुन्या साडीचं किंवा धोतराचं सुती कापड. नवं कापड मी देत नाही. त्यातली खळ सुईला अडवते. शंभर वेळा धुतलेलं कापड सुईला वाट देतं. दोरा मुलाच्या मुठीपासून खांद्यापर्यंत, त्याहून लांब नाही. पुन्हा ओवायचा त्रास नको म्हणून मुलं लांब दोरा मागतात आणि चौथ्या टाक्याला गुंता घेऊन येतात. बसताना मुलाच्या शेजारी बसायचं, म्हणजे त्याला आपला हात त्याच्याच बाजूने दिसतो. डावखुऱ्या मुलासमोर मात्र तोंडासमोर तोंड करून बसायचं. आरशात पाहावं तसं ते आपल्या उजव्या हाताचं काम डाव्या हाताने करू लागतं. वर्ग सुरू होताना सुया मोजायच्या, संपताना पुन्हा मोजायच्या. सतरंजीत हरवलेली एक सुई सगळ्यांचा भरवसा घालवते.

पहिली चूक जवळजवळ प्रत्येक मूल तीच करतं. धावदोऱ्यात सुई वरून खाली जाते आणि खालून वर येते. मोठ्यांना हे सांगण्यासारखंही वाटत नाही. लहान मूल सुई खाली घालतं खरं, पण परत आणताना ती कापडाच्या कडेवरून वळवून आणतं. दोरा काठाला गुंडाळला जातो. मूल निष्काळजी नसतं. त्याच्या लेखी कापडाला खालची बाजू अजून उगवलेलीच नसते. जे दिसत नाही तिथे बोट न्यायचं, सुई आंधळेपणाने वर ढकलायची आणि ती नेमकी हव्या त्या जागी उगवेल असं धरून चालायचं, हे फार मोठं काम आहे. ते एका दुपारी येत नाही. पण ज्या दुपारी येतं, तेव्हा मूल क्षणभर थांबतं, कापड उलटं करून पाहतं, पुन्हा सुलटं करतं. त्या थांबण्यासाठी मी शनिवारची वाट पाहतो.

मारिया माँटेसोरी यांच्यापुढे अशीच अडचण आली होती. तेव्हा त्या रोममध्ये, ज्यांना त्या काळी मंदबुद्धी म्हणून बाजूला ठेवत, अशा मुलांबरोबर काम करत होत्या. त्यांतली एक मुलगी अकरा वर्षांची होती. तिच्या हातात बळ पुरेसं होतं, पण रफूची पहिली पायरी, म्हणजे काही धाग्यांवरून आणि काही धाग्यांखालून सुई नेणं, तिला जमेना. माँटेसोरींनी सुई बाजूला ठेवली आणि तिला शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या पद्धतीची कागदी चटई विणायला दिली. वर-खाली पक्क्या केलेल्या उभ्या पट्ट्या, आणि त्यांतून ओवायची आडवी पट्टी. मुलगी त्यात रमली. नंतर पुन्हा सुई दिली, तर तिला रफू करता आलं. १९०९ साली आलेल्या आपल्या ग्रंथात माँटेसोरींनी हा प्रसंग लिहिला, आणि मला विशेष वाटतं ते हे की तो लेखन-वाचनाच्या प्रकरणात आहे. प्रत्यक्ष काम करण्याआधी त्या कामाची हालचाल हाताला वेगळी शिकवता येते, हे त्यांना त्या मुलीकडून कळलं. शिवणात जमलं ते अक्षरातही जमेल, असा विचार त्यांनी केला. १९०७ साली सान लोरेंझो वस्तीत बालगृह सुरू झालं, तिथे मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटं फिरवू लागली. पुढे डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी गच्चीवर त्यांनी एका मुलाला खडूने धुराडं काढायला सांगितलं. चित्र झालं, आणि मला लिहिता येतं, असं ओरडत त्याने फरशीवर गुडघे टेकून शब्द लिहिला. हात. त्याचा पहिला शब्द हा होता. मी तो प्रसंग वाचताना दर वेळी तिथे थांबतो, आणि मागे जाऊन त्या अकरा वर्षांच्या मुलीला शोधतो, जिचं नावही ग्रंथात नाही.

शिवण आणि अक्षर यांचं हे नातं आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे. संस्कृतात सुईला सूची म्हणतात, आणि आपण पुस्तकाच्या शेवटी देतो तीही सूची. शिवायचा दोरा सूत्र, आणि पाणिनीचं व्याकरणही सूत्रांतच ओवलेलं. ग्रंथ हा शब्द गुंफण्याच्या, गाठ घालण्याच्या धातूतून आला. ताडपत्राच्या पानांना भोकं पाडून त्यांतून दोरी ओवत, आणि गाठ मारली की पोथी पुरी होई. म्हणजे मुलाच्या हाती पाटी देण्याआधी सुई द्यावी, असं मी म्हणतो तेव्हा त्यात नवं काही सांगत नाही. शब्दांच्या उलट्या बाजूला तेच टाके दिसतात.

पण मराठीतला आणखी एक शब्द मला जास्त अस्वस्थ करतो. शिवणे. सुईने जोडणं ते शिवणं, आणि स्पर्श करणं तेही शिवणं. व्युत्पत्ती वेगळ्या आहेत. एक संस्कृत सीव् धातूपासून आला, दुसरा प्राकृतातल्या छिव वरून. चालत चालत दोघे एकाच उच्चाराला येऊन मिळाले. मुलं अंगणात शिवणापाणी खेळतात, पिंडाला कावळा शिवतो, आणि याच शब्दाने आपण पिढ्यान् पिढ्या माणसांना दूर उभं केलं. शिवू नकोस. शिवाशिव. ज्या उच्चाराचा अर्थ जोडणं, त्याच उच्चाराने तोडण्याचं काम आपण इतका काळ केलं. म्हणून वर्गात मी एक गोष्ट मुद्दाम पाळतो. शिवण बोलून शिकवता येत नाही. मुलाच्या बोटांवर आपली बोटं ठेवावी लागतात, अंगठा धरून गाठ वळवून दाखवावी लागते. सगळ्या घरांतली मुलं एका सतरंजीवर बसतात आणि ज्याला आधी जमलं, तो दुसऱ्याचा हात धरून शिकवतो. हे मला टाक्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

शिवण मुलींचं, हाही समज मला पटत नाही. संत नामदेव शिंपी होते. त्यांची जी पदं शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत, त्यांतल्या एकात शिंप्याचा गज, कातर, सुई अशी सगळी अवजारं भक्तीच्या कामाला लागली आहेत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त पत्रावळीची एक रात्र आहे. पत्रावळ लावणं म्हणजे पानांना काडीचे टाके घालणंच. श्यामला ते येत नसतं, शिकायचा कंटाळा असतो, आणि आई त्याला मुलगा म्हणून सूट देत नाही.

हे लिहिताना एक गोष्ट मनातून हलत नाही. मुंबईच्या दाट वस्त्यांतल्या जरीकामाच्या कारखान्यांतून, बिहारच्या खेड्यांतून आणलेली लहान मुलं आजवर कितीदा सोडवली गेली. कापड ताणलेल्या लाकडी चौकटीपुढे दिवसभर मांडी घालून ती टिकल्या आणि मणी टाचत असतात. कोवळी बोटं बारीक कामाला बरी, असं म्हणणाऱ्यांनी त्यांना तिथे बसवलेलं असतं. सुई तीच, वयही जवळपास तेच. मग माझ्या सतरंजीत आणि त्या चौकटीत फरक कोणता, हे मला स्वतःला विचारावं लागतं. मला सापडलेलं उत्तर एका क्रियापदात आहे, उसवणं. त्या मुलाला स्वतःचा टाका उसवायची मुभा नसते. चुकलेल्या टाक्याची मजुरी कापली जाते, आणि जमलेला टाका दुसऱ्या कुणाच्या अंगावर चमकतो. चुकायला वेळ मिळत नसेल, तर लहान मुलाच्या हातात सुई देणं हा गुन्हा आहे असं मी मानतो.

मागच्या महिन्यात सहा वर्षांच्या एका मुलीने रुमालाच्या कडेला सलग अकरा टाके घातले. सुई खाली जात होती, खालून वर येत होती. तिने दाखवायला रुमाल उचलला, तर त्याबरोबर तिचा फ्रॉकही वर आला. मांडीवर ठेवून शिवताना रुमाल फ्रॉकला शिवला गेला होता. ती रडवेली झाली. आम्ही दोघांनी बसून एकेक टाका उसवला, सुईच्या टोकाने दोरा उचलत, कापड न ओढता. फ्रॉकवर बारीक भोकांची एक रांग उरली. ही आता राहणार का, असं तिने विचारलं. मी वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून ती जागा ओली केली आणि नखाने हळूहळू घासून दाखवलं, तसे धागे एकमेकांजवळ सरकू लागले. मग तिने माझा हात बाजूला केला आणि उरलेली भोकं स्वतः बुजवली, एक संपलं की पुढचं, जीभ दातांत धरून. शेवटचं मिटलं तेव्हा तिने सुई उजेडाकडे धरली आणि दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं.