दार उघडणाऱ्याचें ऋण

एखाद्या गृहस्थानें आपल्या घराचें दार सर्वांस मोकळें ठेवलें, कोणासहि मज्जाव केला नाहीं. परंतु आंत आलेल्यास पाट मांडला नाहीं, पाणी विचारलें नाहीं, आणि पाहुणा अवघडून निघून गेला तेव्हां "दार तर उघडेंच होतें" असें म्हणून तो स्वस्थ बसला, तर त्या गृहस्थास आपण आतिथ्यशील म्हणूं काय? घरगुती व्यवहारांत या प्रश्नाचें उत्तर देण्यास कोणासहि क्षणभर थांबावें लागणार नाहीं. परंतु हाच प्रश्न शिक्षणसंस्थेविषयीं विचारला कीं आपली बुद्धि चांचरते. तेथें दार उघडें ठेवणें हेंच आपण संस्थेचें सारें कर्तव्य समजतों, आणि पुढें जें कांहीं होईल तें ज्याच्या त्याच्या बुद्धीवर, उद्योगावर व दैवावर सोडून देतों. हा भेद न्याय्य आहे काय, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडूं इच्छितों. त्यासाठीं उदाहरण अमेरिकेंतील घेतों; कारण उच्च शिक्षणाचें दार सरसकट उघडण्याचा प्रयोग तेथें फार मोठ्या प्रमाणावर झाला आहे, आणि त्याच्या फलाची परीक्षाहि तेथें कसोशीनें झाली आहे.

इलिनॉय राज्यांतील जोलिएट या गांवीं १९०१ सालीं, तेथील हायस्कूलचे मुख्याध्यापक ब्राउन व शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष हार्पर यांच्या विचारानें, सहा विद्यार्थ्यांचा एक वर्ग सुरू झाला. सार्वजनिक पैशानें चालणारें दोन वर्षांचें पहिलें कॉलेज तें हेंच होय. पुढें १९४७ सालीं राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या आयोगानें अशा संस्थांचा हिरिरीनें पुरस्कार केला, आणि 'कम्युनिटी कॉलेज' हें नांव सर्वतोमुखीं झालें. आज त्या देशांत अशीं सुमारें एक हजार कॉलेजें आहेत. घराजवळचें ठिकाण, बेताची फी, दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि हायस्कूलचा दाखला असलेल्या जवळजवळ प्रत्येकास प्रवेश, हीं त्यांचीं लक्षणें. तेथें शिकून कोणी रुग्णालयांत परिचारिका होते, कोणी कारखान्यांत कुशल कारागीर होतो, कोणी विद्यापीठांत जाऊन उरलेलीं दोन वर्षें पुरीं करतो. ज्यांच्या घराण्यांत पूर्वीं कोणी कॉलेजची पायरी चढलें नव्हतें अशा असंख्य मुलामुलींस या दारानें आंत घेतलें आहे, ही गोष्ट कोणीहि कमी लेखूं नये.

परंतु आंत येणारांची रांग जितकी लांब, तितकी पदवी घेऊन बाहेर पडणारांची नाहीं. मधल्या वाटेवर जे नाहींसे होतात ते कसे होतात, हें समजण्यासाठीं आपण एक विद्यार्थिनी कल्पूं. तिचें वय २४. पदरीं एक मूल. दिवसा दुकानांत नोकरी, संध्याकाळीं वर्ग. प्रवेशाच्या वेळीं तिला सांगण्यांत येतें कीं, तुझें गणित कच्चें आहे, आधीं शाळेंतील गणिताची उजळणी कर. त्या वर्गाची फी मात्र द्यावयाची, आणि त्याचे गुण पदवीच्या हिशेबांत धरावयाचे नाहींत. (अशी सक्ती बराच काळ सर्रास चाले, कॅलिफोर्निया राज्यानें २०१७ सालीं कायदा करून तिला आळा घातला.) पहिलें सत्र ती कसेंबसें पार पाडते. दुसऱ्या सत्रांत दुकानांतील कामाच्या वेळा बदलतात. पुस्तक महाग म्हणून ती मैत्रिणीचें उसनें वापरते. मूल आजारी पडतें व दोन आठवडे वर्ग बुडतात. कोणता विषय आतां सोडला तर चालेल, हें विचारावयास ती सल्लागाराकडे जाते, तों त्याच्या दाराशीं ही रांग! एके दिवशीं बसच्या भाड्याला पैसे नसतात. त्या दिवशीं ती येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं येण्याची लाज वाटते. पुढच्या सत्राच्या यादींत तिचें नांव नसतें, आणि कार्यालयाच्या दप्तरांत शेरा पडतो कीं, तिनें शिक्षण सोडलें.

आपल्या मराठींत 'शिक्षण सोडलें' व 'शिक्षण सुटलें' असे दोन प्रयोग आहेत, आणि त्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. सोडणारा कर्ता असतो. त्यानें विचार करून एक वाट टाकलेली व दुसरी धरलेली असते. सुटण्याला कर्ता लागत नाहीं. मूठ सैल होते आणि वस्तु गळून पडते. आमच्या कल्पित विद्यार्थिनीनें शिक्षण सोडण्याचा निश्चय कधींच केला नाहीं. तिचें शिक्षण सुटलें. परंतु दप्तरांत 'सुटलें' यासाठीं रकाना नसतो, आणि ज्या शब्दास दप्तरांत जागा नाहीं तो लौकरच लोकांच्या मनांतूनहि जातो. मग तिच्या शेजारीपाजारीं, तिच्या आईबापांच्या व अखेर तिच्या स्वतःच्याहि तोंडीं एकच वाक्य राहतें, "तिच्यानें झालें नाहीं."

या शेवटच्या वाक्याविषयीं समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनीं १९६० सालीं एक मर्मभेदक निबंध लिहिला. ठक जेव्हां एखाद्या भोळ्या माणसास लुबाडतात, तेव्हां त्यांच्यापैकीं एकजण मागें राहून त्याची समजूत घालतो, म्हणजे तो बोभाटा न करतां, आपलेंच कांहीं चुकलें असें मानून घरीं जातो. ठकांच्या या रीतीवरून आर्व्हिंग गॉफमन यांनीं १९५२ सालीं एक उपपत्ति मांडली होती. तीच क्लार्क यांनीं या कॉलेजांस लावून दाखविली. समाज सर्वांस वर चढण्याची आशा लावतो, वरच्या जागा मात्र थोड्या ठेवतो. तेव्हां ज्यांस जागा मिळावयाची नाहीं त्यांचा संताप हळूहळू निवविण्याचें काम कोणाला तरी करावें लागतें, आणि तें हीं कॉलेजें करतात. क्लार्क यांनीं अध्यापकांवर लबाडीचा आरोप केला नाहीं. त्यांच्यापैकीं बहुतेक सद्भावनेनेंच वागतात. परंतु प्रत्येकजण सद्भावनेनें वागत असतांहि सर्वांच्या वागण्याची बेरीज अन्यायाची होऊं शकते, हा त्या निबंधाचा बोध आम्हांस फार मोलाचा वाटतो.

येथें आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत एक शंका उभी राहिली असेल, आणि ती तुच्छ मानण्यासारखी नाहीं. ते म्हणतील, "अडचणी कोणास नसतात? आमच्या आजोबांनीं पुण्यांत वार लावून जेवून, रस्त्यावरील दिव्याखालीं वाचून परीक्षा दिल्या. ज्यास शिकावयाचें आहे तो शिकतोच. विद्यार्थ्यास हातीं धरून चालविलें तर त्याचे पाय बळकट होणार कसे?" या म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. पौरुष ही खरी वस्तु आहे, आणि तिचा अभाव कोणत्याहि शिष्यवृत्तीनें भरून निघत नाहीं. परंतु आजोबांच्या गोष्टीकडे आपण पुन्हां एकदां नीट पाहूं. वार लावून जेवणें म्हणजे काय? सात वारीं सात घरांनीं एका मुलास पानावर बसविणें. सोमवारच्या घरीं कोणी आजारी असेल तर मंगळवारच्या घरीं त्याची सोय होई, मुलगा दोनदां आला नाहीं तर कोणीतरी बाई विचारी, "कां रे, बरें नव्हतें का?" म्हणजे ज्यास आपण एकट्याचा पराक्रम म्हणतों त्याच्या पाठीशीं सात चुली पेटत होत्या. शिवाय त्या चुली ठराविक जातींच्या मुलांसाठींच पेटत. इतरांस ना वार होते, ना माधुकरी. त्यांच्यासाठीं कर्मवीर भाऊराव पाटील यांस निराळा मार्ग काढावा लागला. १९१९ सालीं स्थापन झालेल्या त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचें ब्रीद स्वावलंबन हेंच होतें, आणि मुलांकडून त्यांनीं श्रमहि भरपूर करून घेतले. परंतु स्वावलंबनाचा पाठ देतांना त्यांनीं सर्व जातींच्या मुलांस एका छपराखालीं घेतलें व जेवूं घातलें. आणि त्या मुलांच्या अन्नासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. स्वावलंबनाचे एवढे कट्टे पुरस्कर्तेहि भुकेल्या मुलास स्वावलंबनाचें व्याख्यान देऊन वाटेला लावीत नव्हते, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां पुन्हां अमेरिकेकडे वळूं. कारण या वादाचा निकाल लावण्यास उपयोगी पडेल असा पुरावा तेथेंच मिळतो. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानें २००७ सालीं आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एक योजना सुरू केली. सरकारी मदत मिळूनहि फींत जी तूट राही ती भरून द्यावयाची. पाठ्यपुस्तकांचा भार हलका करावयाचा. शहरांतील रेल्वे व बस यांचा पास द्यावयाचा. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यास त्याला नांवानें ओळखणारा सल्लागार द्यावयाचा. एरवीं एका सल्लागाराच्या वांट्यास ६०० ते १५०० विद्यार्थी येत. या योजनेंत ६० ते ८० येत. त्याबरोबर विद्यार्थ्यावर अटीहि होत्या. त्यानें पूर्ण वेळ शिकलें पाहिजे, कच्चे विषय आरंभींच पुरे केले पाहिजेत, सल्लागारास वरचेवर भेटलें पाहिजे. पास मिळावयाचा तो या अटी पाळल्यावर.

२०१० सालीं या योजनेची परीक्षा घेण्याचें ठरलें, आणि ती चिठ्ठ्या टाकण्याच्या न्यायानें झाली. तीन कॉलेजांतील ८९६ विद्यार्थी घेतले; सर्व गरीब घरचे, सर्व कोणत्या ना कोणत्या विषयांत कच्चे. कोणास योजना मिळावी व कोणास मिळूं नये, हें केवळ दैवावर सोपविलें. तीन वर्षांनीं पाहतात तों, ज्यांस योजना मिळाली नव्हती त्यांच्यापैकीं शेंकडा २२ जणांनीं पदवी घेतली होती, आणि ज्यांस मिळाली होती त्यांच्यापैकीं शेंकडा ४० जणांनीं. पुढें ओहायो राज्यांतील तीन कॉलेजांत हाच प्रयोग केला, तेव्हां आंकडे सुमारें १९ व ३५ असे आले. खर्चाचीहि गोष्ट सांगितली पाहिजे. न्यूयॉर्कमध्यें दर विद्यार्थ्यामागें नेहमीहून सुमारें ६० टक्के अधिक पैसा लागला. परंतु पदवीधर जवळजवळ दुप्पट झाल्यामुळें दर पदवीमागचा खर्च उलट कमी भरला.

या आंकड्यांचा नैतिक अर्थ काय? दोन्ही गटांतील विद्यार्थी चिठ्ठीनें वेगळे झालेले. म्हणजे बुद्धि, उद्योग, चिकाटी, आळस, जें कांहीं असेल तें दोहोंकडे सारखेंच वांटलेलें. तरीहि एकीकडे शंभरांत १८ माणसें अधिक तरून गेलीं. याचा अर्थ असा कीं, दुसऱ्या गटांत तशींच १८ माणसें होतीं. त्यांच्या अंगीं पुरें पडेल इतकें पौरुष होतें, परंतु त्यांचें शिक्षण सुटलें, आणि लोकांनीं म्हटलें कीं, त्यांनीं तें सोडलें. आतां ही १८ माणसें कोणतीं, हें बोट दाखवून कोणासहि सांगतां येणार नाहीं. जे मागें पडले त्यांच्यांत कोणी आळशी असेल, कोणाचें मन दुसरीकडे रमलें असेल, कोणास अभ्यास झेपला नसेल. आणि त्यांच्यांतच हे १८ मिसळून गेलेले आहेत. म्हणून आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, जोंपर्यंत हात देण्यांत कसूर झाली आहे, तोंपर्यंत मागें पडलेल्या कोणत्याहि एका माणसाविषयीं "यानें आपल्या दोषानें गमावलें" असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. तें खरें असेलहि. परंतु तें खरें आहे हें आपणांस कळण्याचा मार्ग आपणच बंद केला आहे. न्यायाधीशानें साक्षीदार न बोलावतां दिलेला निकाल योगायोगानें बरोबर ठरला, म्हणून तो न्याय होत नाहीं.

मदतीनें माणूस पांगळा होतो या शंकेचेंहि उत्तर यांतच आहे. पासाच्या पैशांनीं कोणी गणित सोडविलें नाहीं. तें ज्याचें त्यानेंच सोडविलें. मदतीनें फक्त त्याला गणितापर्यंत पोंचविलें. परीक्षा सोपी करून पदव्या वांटल्या असत्या तर ती मदत म्हणजे अपमान ठरला असता. येथें तसें झालें नाहीं, उलट अपेक्षा वाढविल्या. ज्याच्याकडून अपेक्षाच नाहीं त्याच्यावर दया करणें सोपें असतें; अपेक्षा ठेवून साह्य करणें यांत त्या माणसाचा मान राहतो.

तथापि प्रामाणिकपणानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, एवढी व्यवस्था करूनहि शंभरांपैकीं ६० जण तीन वर्षांत पदवीपर्यंत पोंचले नाहींत. कांहीं पुढें पोंचले असतील, कांहींनीं खरोखरच विचारपूर्वक दुसरी वाट धरली असेल. तसें करण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे. कोणतीहि योजना दारिद्र्याचें समूळ औषध नव्हे. परंतु सर्वांस वांचवितां येत नाहीं म्हणून ज्यांस वांचवितां येतें त्यांस बुडूं द्यावें, हा तर्क नदीकाठीं उभा असलेला कोणीहि माणूस मान्य करणार नाहीं.

दार उघडणें हें एक वचन आहे. ज्यानें तें उघडलें त्यानें आंत येणाऱ्याचा एक दिवस, एक वर्ष, कधीं कर्जाऊ काढलेला पैसा, आणि त्याहून अधिक म्हणजे आयुष्यांत एकदांच जमून येणारें धैर्य आपल्याकडे ठेव म्हणून घेतलेलें असतें. तो विद्यार्थी रिकाम्या हातीं परत गेला तर ही ठेव बुडाली, आणि बुडालेल्या ठेवीचा जाब ठेवीदारास विचारावयाचा नसतो. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं शिक्षण स्थिरावलें आहे; मुलाचें शिक्षण सुटण्याचा प्रसंग त्यांच्यावर सहसा येत नाहीं. परंतु आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईचा मुलगा, दुकानांतील पोऱ्या किंवा शेजारची मुलगी यांच्याविषयीं "त्यानें शिक्षण सोडलें", "तिनें शिक्षण सोडलें" असें वाक्य जेव्हां आपल्या तोंडीं येईल, तेव्हां क्षणभर थांबून, 'सोडलें' कीं 'सुटलें', एवढें जरी आपण स्वतःस विचारलें, आणि दुसरें उत्तर आलें तर मूठ कोठें सैल झाली याची चौकशी केली, तरी हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.