आहारप्रयोग आणि देहाची साक्ष

ज्या समाजात पंक्तीला बसलेल्या चार माणसांपैकी एकाने भात, दुसऱ्याने साखर आणि तिसऱ्याने रात्रीचे जेवणच वर्ज्य केलेले असते, आणि चौथा निमूटपणे जेवत असला तर त्याला इतर तिघांची कैफियत ऐकून घ्यावी लागते, त्या समाजाला आहारप्रयोगांचे माहात्म्य नव्याने सांगावयास नको. त्यांतून निघालेल्या अनुमानांवर विश्वास कितपत ठेवावा, एवढाच प्रश्न उरतो.

अशा प्रयोगांचे विस्तृत आणि प्रामाणिक दप्तर आपल्याकडे मागे ठेवले ते महात्मा गांधींनी. बॅरिस्टर होण्यासाठी १८८८ साली लंडनला गेलेला आणि मातेला दिलेल्या वचनामुळे अर्धपोटी हिंडणारा हा तरुण फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी उपाहारगृहात शिरला, तेथे हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची तरफदारी करणारे पुस्तक एक शिलिंग मोजून त्याने विकत घेतले, आणि तेथपासून पुढे घरून येणारे मसाले व मिठाई बंद कर, काही काळ पिष्टमय पदार्थ टाळून पाहा, काही काळ नुसत्या पाव-फळांवर राहा, असा क्रम सुरू झाला. मसाल्यावाचून उकडलेला पालक रुचकर लागू लागला, तेव्हा रुचीचे खरे स्थान जिभेत नसून मनात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो मला अन्य कोणत्याही निष्कर्षापेक्षा अधिक टिकाऊ वाटतो.

पुढे प्रिटोरियात, १८९३ च्या ऑगस्टमध्ये, अग्निस्पर्श न झालेल्या अन्नाचा प्रयोग त्यांनी आरंभिला. पहिल्या न्याहारीचा तपशील असा: दोन मोठे चमचे गहू, एक चमचा वाटाणे, एक चमचा तांदूळ, दोन चमचे बेदाणे, वीसेक लहान कवचीफळे, दोन संत्री आणि पेलाभर कोको. (कोको विस्तवावाचून कसा सिद्ध झाला, हे विचारण्याचा मोह आवरत नाही.) नंतरच्या नोंदींत भूक आहे, अशक्तपणा आहे; सुमारे पंधरवड्यात प्रयोग आटोपला, आणि ही फसगत दडवून न ठेवता पुढील वर्षी त्यांनी ती लंडनच्या 'व्हेजिटेरियन' पत्रात छापविली. १९२९ साली आश्रमातील सहकाऱ्यांसह तोच प्रयोग पुन्हा केला, पोट बिघडल्यावर सोडला, आणि तेही जाहीर केले. आपल्या पथ्याचे गुणगान करणारे आज पुष्कळ आहेत. ते कोणत्या दिवशी आणि का सोडले, हे इतक्या निःसंकोचपणे सांगणारे मात्र विरळा.

दुधाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर आपले सहकारी कॅलनबाख यांच्यासह त्यांनी दूध सोडले. १९१८ च्या दुखण्याने देह पार खंगला तेव्हा, दुधावाचून शरीर भरून येणार नाही, असे डॉक्टर दलाल यांनी बजावले. आणि व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, मग शेळीच्या दुधाला हरकत कोणती, अशी तोड कस्तुरबांनी काढली. ती स्वीकारताना व्रताचे अक्षर राखले पण आत्मा गेला, हा सल त्यांनी आत्मकथेत नमूद केला आहे. दुधाची जागा घेणारा वनस्पतिज पदार्थ ते पुढेही शोधीतच राहिले. परंतु १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असता आरोग्यावर जे पुस्तक त्यांनी लिहिले, त्यातील दैनिक आहारात दोन रत्तल गाईचे दूध आहे.

त्यांच्या निधनाच्याच वर्षी, १९४८ साली, बी-१२ हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात वेगळे करण्यात आले. ते प्राणिज अन्नात असते. नित्याच्या वनस्पतिज अन्नात ते जवळजवळ नसते. यकृतात त्याचा साठा असा असतो की, पुरवठा थांबला तरी त्रुटी उघड होण्यास कित्येकदा वर्षे लागतात. म्हणून दूधदुभते सोडल्यापासून तीन महिन्यांत अंग हलके झाले, असे सांगणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. वडिलार्जित ठेवीवर जगणाऱ्याने उद्योग सोडल्याचे सुख सांगावे, तसे ते असते. देहाची साक्ष काय सोसत नाही याविषयी लवकर मिळते. काय दीर्घकाळ सोसेल याविषयी फार उशिरा. शिवाय येथे साक्षीदार एकच, आणि फिर्यादी व मुन्सफ हेही तोच!

याच अडचणीवर जेम्स लिंड या आरमारी वैद्याने १७४७ साली तोड काढली होती. 'सॅलिसबरी' जहाजावरील स्कर्व्हीच्या बारा रोग्यांना एकच नित्याचे अन्न देऊन, दोघादोघांस निरनिराळे उपचार त्याने लावले. ज्या जोडीला संत्री व लिंबे मिळाली ती सर्वांआधी सुधारली. इतका स्वच्छ निकाल हाती असूनही ब्रिटिश आरमाराने लिंबूरसाचा सर्रास हुकूम काढला तो १७९५ च्या सुमारास. सरकारी खात्यांची चाल सर्वत्र सारखीच.

घरच्या घरी बारा रोगी कोण जमविणार? परंतु एका वेळी एकच पदार्थ बदलणे, आरंभीचे वजन आणि रक्ताचा तपास नोंदवून ठेवणे, औषध चालू असलेल्या मधुमेह्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून उपवास न करणे, आणि वाईट दिवसही रोजनिशीत लिहिणे, एवढे कोणासही साधेल. ज्यांनी मांस-मत्स्याबरोबर दूध, दही, अंडी हेही पूर्ण वर्ज्य केले आहे, त्यांनी बी-१२ ची गोळी नियमाने घ्यावी. ती कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते.