बोटाची कळ आणि कर्त्याचा विवेक

ग्लॉक पिस्तुलाच्या चापात मधोमध एक बारीक पट्टी असते. बोट नीट तिच्यावर टेकल्याशिवाय चाप मागे सरकत नाही. ही पिस्तुलाची एक सुरक्षा. पण लांबलेल्या सरावात ती पट्टी तर्जनीचं पेर घासून लाल करते आणि बोट जरा खाली घसरलं की टोक चापाभोवतीच्या कडीवर खरवडतं. जुन्या नागान रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी चढवला नाही तर बोट भरूनच येतं, कारण त्या एका ओढीत सिलिंडर फिरतो, पुढे सरकून नळीला भिडतो आणि घोडाही चढतो. नेमबाजाच्या लेखी ही निव्वळ गैरसोय. तिच्या आड मात्र एक नैतिक प्रश्न आहे: घातक कृती शरीराला जड जावी, यात काही संयम आहे का?

आहे, असं म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी ग्लॉकच्या नेहमीच्या सुमारे अडीच किलोऐवजी साडेपाच किलोच्या आसपास ओढ लागणारा चाप स्वीकारला, तो दचकून गोळी सुटू नये म्हणून. जैनांचं तत्त्वार्थसूत्र हिंसेच्या व्याख्येत प्राणहानीच्या आधी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, ठेवतं. त्या कसोटीवर चापाच्या जड स्प्रिंगचा उपयोग मान्य करायलाच हवा. मात्र ती आवरते बोटाचा प्रमाद, मनाचा नव्हे. जड चापामुळे फेरविचाराला उसंत मिळते म्हणावं, तर चापाचा सगळा प्रवास सव्वा सेंटिमीटरचा. तेवढ्यात विवेक जागा होत नाही. उलट जोर लावताना नळी हलते आणि दुखणारं बोट लक्ष स्वतःकडे ओढून घेतं. 2012 मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर याच दलाच्या दोन पोलिसांनी 16 गोळ्या झाडल्या, तेव्हा गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी नऊ वाटसरू जखमी झाले. दोष एकट्या चापावर टाकता येणार नाही. गर्दी होती, जिवाची भीती होती. पण नेम ढळला की किंमत तिऱ्हाइताला मोजावी लागते, हे त्यातून दिसतं.

गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणं सांगताना कर्ता आणि करण, म्हणजे साधन, वेगळे मोजतो. बोट आणि चाप ही दोन्ही करणं. कर्त्याची जबाबदारी स्प्रिंगवर सोपवली की ती पार पडली असं वाटू लागतं, आणि खरा धोका तिथेच आहे. यावर कोणी म्हणेल, शस्त्र सुखकर करणं म्हणजे हिंसा सोपी करणं. पण मारणाऱ्याच्या पेराला आलेली कळ हे मरणाऱ्यासाठी केलेलं प्रायश्चित्त नव्हे. ज्याचं मन निबर झालंय, त्याला ती रोखतही नाही. म्हणून कारागिराने चाप गुळगुळीत करावा, त्यात अधर्म नाही. निर्णय होईपर्यंत बोट कडीबाहेर ठेवणं, हे नेमबाजाचं काम. संयमाची जागा ती आहे, आणि तिथे बोट मुळीच दुखत नाही.