पात्यावरचे नाव

चीनच्या चच्यांग प्रांतातल्या लोंगच्वान या गावाला तलवारींचा फार जुना वारसा आहे. जगभरातले नवखे संग्राहक जपानी घडणीची म्हणून जी पहिली तलवार विकत घेतात, तीही पुष्कळदा याच गावच्या भट्टीतून आलेली असते. शे-दोनशे डॉलरांत मिळणारी, साध्या कार्बन पोलादाची, रंगवलेल्या लाकडी म्यानातली. जपानमधल्या हयात लोहाराकडून परंपरेप्रमाणे घडवून घेतलेल्या तलवारीला कित्येक हजार डॉलर पडतात, त्यामुळे बेताच्या खिशाच्या माणसाला दुसरा मार्ग फारसा उरत नाही. अशी तलवार हाती आली की घेणारा पहिल्यांदा एकच विचारतो : ही खरी आहे का? प्रश्न बाजारातला वाटतो, पण त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. वस्तूचा खरेपणा राहतो कुठे? तिच्या धातूत, वयात, जन्मभूमीत, की तिच्यावर झालेल्या संस्कारात? माझे म्हणणे असे की यांपैकी कशातच नाही. वस्तू स्वतःविषयी जे सांगते आणि ती प्रत्यक्षात जी आहे, त्यांचा मेळ बसला की ती खरी. हे मान्य केले तर शंभर डॉलरची तलवार खरी निघू शकते आणि चारशे वर्षांची तलवार खोटी.

वयाचा दावा आधी पाहू, कारण तो सर्वांत लवकर सुटतो. जपानमधले इसे येथील शिंतो महामंदिर दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधले जाते. 2013 साली हे 62 वे नूतनीकरण झाले, पुढचे 2033 मध्ये आहे. या वेळी इमारतींबरोबर देवतेची वस्त्रे, आरसे, धनुष्ये आणि तलवारीही पुन्हा घडवल्या जातात. शेकडो प्रकारच्या, दीड हजारांहून अधिक वस्तू. नवी तलवार जुन्या तलवारीसारखी असते, तरी तिला कोणी नक्कल म्हणत नाही. यावर कोणी म्हणेल की तिथे अखंड विधी आहे, देवतेचे अधिष्ठान आहे, लोंगच्वानच्या कारखान्यात त्यातले काय आहे? काहीच नाही, हे उघड आहे. म्हणून इसेपासून मी एवढेच घेतो की धातू जुना असणे ही खरेपणाची अट नाही. ज्या धर्मपरंपरेने तलवारीला देवासमोर ठेवले, तिनेच ही अट मानलेली नाही.

मग वस्तूच्या अखंडतेत खरेपणा असेल का? भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला विचारलेला प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. चाके म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, दांडी म्हणजेही रथ नव्हे. मग रथ कोणता? जपानी तलवारीला हा प्रश्न अक्षरशः लागू पडतो, कारण ती सुटी करण्यासाठीच बनवलेली असते. बांबूची खुंटी काढली की मूठ, मुठीपुढची चकती, पात्याच्या बुडाशी बसणारी तांब्याची पट्टी हे सगळे वेगळे होते, आणि शतकानुशतके मालक हे भाग बदलत आले. पातेही अबाधित राहिले नाही. घोड्यावरून वापरायच्या जुन्या लांब तलवारी पुढे पायी लढणाऱ्यांसाठी मुठीकडून कापून आखूड केल्या गेल्या, आणि मुठीत दडणाऱ्या भागावर, जपानीत ज्याला नाकागो म्हणतात त्यावर, कोरलेले लोहाराचे नाव त्या कापण्यात गेले. ‘कान्झे मासामुने’ हे पाते असेच आखूड झालेले आणि बिननावाचे आहे, तरी ते जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. आपल्याकडची फिरंग तरी काय होती? युरोपात घडलेले पाते आणि त्यावर इथली मूठ. तेवढ्यासाठी ती मराठ्यांची तलवार नव्हे, असे कोणी म्हणत नाही.

या संवादातले उत्तर मात्र पुष्कळदा अर्धेच लक्षात राहते. सार कुठल्याच भागात नाही, ‘रथ’ हे या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे, असे ते उत्तर सांगते. यावरून काही जण निष्कर्ष काढतात की मग नाव काहीही द्यावे, सगळे सारखेच. मला नेमके उलटे दिसते. वस्तूच्या आत दडलेले सार सापडत नसेल, तर आपल्या हाती नावाखेरीज काही उरतच नाही. खोटे नाव ही मग वरवरची चूक राहत नाही. वस्तूविषयी जे काही खरे असू शकत होते, तेच त्या नावाने बिघडवलेले असते.

हा भेद जपानी तलवारकारांनी फार पूर्वीच आचरणात आणला होता. 1590 साली आशिकागाचा सरदार नागाओ आकिनागा याने होरिकावा कुनिहिरो या लोहाराकडून एक तलवार घडवून घेतली. नमुना होता बिझेन प्रांताच्या ओसाफुने घराण्यातल्या चोगीने दोन शतकांपूर्वी घडवलेल्या पात्याचा. कुनिहिरोने ते काम केले आणि नव्या पात्यावर स्वतःचे नाव, गाव आणि तिथी कोरली. त्याच वर्षी मूळ पात्यावर, जे आखूड करताना नाव गमावून बसले होते, हे चोगीचे काम आहे असा लेखही त्यानेच कोरला. दोन्ही पाती आज महत्त्वाची सांस्कृतिक संपदा म्हणून नोंदलेली आहेत. अनुकरण इतके निष्ठेने केलेले, तरी कुठेही असत्य नाही. कारण दोन्ही नावे जिथल्या तिथे आहेत. याच्या उलट बाजूला सतराव्या शतकातल्या नागासोने कोतेत्सुचे उदाहरण आहे. त्याची कीर्ती एवढी की इतरांच्या पात्यांवर त्याचे नाव सर्रास कोरले गेले, आणि कोतेत्सुचे नाव दिसले की आधी शंका घ्यावी, असा जाणकारांचा रिवाजच पडला. त्या खोट्या कोतेत्सुंपैकी काही पाती पोलाद म्हणून उत्तम असतील. लोखंडाने काही गुन्हा केलेला नसतो. ज्या लोहाराने ते खरोखर घडवले, त्याचे नाव मात्र कायमचे पुसले गेले, आणि मला यातली हानी सर्वांत मोठी वाटते.

आता नवख्या ग्राहकापुढची स्वस्त तलवार याच नजरेने पाहता येते. ती किती महाग, यापेक्षा ती स्वतःविषयी कोणकोणते दावे करते, हे आधी विचारायला हवे. जपानी तलवारीचे पोलाद, तामाहागाने, लोहवाळूपासून बनते. त्यात कार्बन सारखा पसरलेला नसतो आणि मळीही राहते. म्हणून लोहार ते तापवून, घडी घालून, पुन्हा ठोकतो. दहा-पंधरा घड्यांत हजारो थर होतात, मळ बाहेर पडतो, कार्बन एकजीव होतो. थरांची जी नक्षी दिसते ती या गरजेची खूण आहे. कारखान्यातले आजचे पोलाद मुळातच एकजीव असते. 1060 या पोलादात 0.60 टक्के कार्बन सगळीकडे सारखा असतो, 1095 मध्ये 0.95 टक्के. त्याला घड्या घालण्याची गरज नसते. नक्षीसाठी घातल्या, तसे सांगितले, तर तक्रार नाही. पण त्यामुळे तलवार अधिक मजबूत किंवा अधिक अस्सल झाली, असे सांगून विकली तर ते पात्यावरचे खोटे नावच आहे, मग अक्षरे कोरलेली असोत वा नसोत.

धारेलगतच्या लाटेसारख्या रेषेचे, हामोनचे, प्रकरण याहून बोलके आहे. लोहार पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप देतो, धारेकडे पातळ, आणि मग तापलेल्या पोलादाला पाणी देतो. धार झपाट्याने थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते, आणि दोन्हींच्या सीमेवर ही रेषा उमटते. शिकलगार ती घासून उजळवतो, तयार करत नाही. बाजारातल्या अनेक स्वस्त पात्यांवर ही रेषा आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली असते. पोलादात जे कधी घडलेच नाही, त्याची साक्ष पोलादाच्या अंगावर लिहिलेली असते. त्यापेक्षा सरसकट कडक केलेले, रेषा नसलेले, बिननावाचे 1060 चे पाते मला कितीतरी प्रामाणिक वाटते. सरावासाठी जपानमध्येच जस्त-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, धार नसलेल्या तलवारी बनतात. त्याही प्रामाणिकच, कारण आपण पोलाद नाही हे त्या लपवत नाहीत. सर्वांत वाईट ती स्टेनलेस स्टीलची शोभेची तलवार, जिचे पाते मुठीत शिरताच संपते आणि पुढे नुसती बारीक सळई डाग देऊन जोडलेली असते. भिंतीवर ती निरुपद्रवी आहे. कोणी फिरवली तर तुटून पाते उडते आणि माणूस जखमी होतो. मूठ उतरवून आत काय आहे हे दाखवायला जो विक्रेता तयार आहे, त्याच्याकडून घ्यावे. माझ्या मते नवख्याने लावायची ही पहिली कसोटी, आणि ती पोलादाच्या क्रमांकापेक्षा मोठी आहे.

या विचाराला सर्वांत गंभीर आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो. जपानी लोहारशाळेत शिंतो परंपरेची पवित्र दोरी बांधलेली असते, महत्त्वाच्या कामाला लोहार पांढरी वस्त्रे घालतो, आणि पोलाद गाळणारे कानायागो या देवतेची पूजा करतात. आक्षेपक म्हणेल, तलवारीचे सत्त्व या शुद्धीत आहे. कारखान्यातले पाते कितीही खरे बोलले तरी पोकळच. या श्रद्धेचा मला आदर आहे, आणि त्या तन्मयतेतून पात्यात जी गुणवत्ता येते तीही मी नाकारत नाही. पण शुद्ध विधी म्हणजे शुद्ध तलवार, हे समीकरण जपानच्या इतिहासानेच मोडले आहे. 1933 साली तोक्योच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात लोहारशाळा उभी राहिली. तिथे 1945 पर्यंत परंपरेने, तामाहागानेपासून, सुमारे 8,100 तलवारी घडल्या, आणि त्या गेल्या आशिया जाळणाऱ्या सैन्याच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला. कारागिरी अव्वल होती, विधीत काही उणे नव्हते, जागा देवाची होती. त्या तलवारींसाठी शिमाने प्रांतात पेटवलेल्या भट्टीच्याच अवशेषांवर 1977 साली आजची भट्टी पुन्हा उभी राहिली, आणि आजच्या कलात्मक तलवारींचे पोलाद तिथून येते. भट्टी, विधी आणि लोखंड या तिन्हींतून काय जन्माला यावे, हे ती तिन्ही मिळूनही ठरवत नाहीत. म्हणून पावित्र्याच्या आधारे स्वस्त तलवारीला हिणवता येत नाही. तिला ते पावित्र्य आहे असे विकणाऱ्याला मात्र जरूर अडवावे.

इथूनच दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि मला तो पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. तलवार माणसे मारण्यासाठी आहे. ती बाळगण्यातच दोष नाही का? बुद्धाने उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. ग्राहक व्यापारी नसतो, हे खरे. तरी ग्राहकावाचून व्यापार नाही. बोधिसत्त्व मंजुश्रीच्या किंवा जपानी बौद्ध देवता फुदोच्या हातातली तलवार अज्ञान छेदते, असे उत्तर नेहमी दिले जाते. ते मला पुरेसे वाटत नाही, कारण ते रूपक आहे आणि इथे प्रश्न लोखंडाचा आहे. धर्माच्या नावाने शस्त्रांची भाषा बदलणे किती सोपे असते, हे जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने 1588 मध्ये दाखवले. शेतकऱ्यांच्या तलवारी जप्त करताना त्याने जाहीर केले की हे लोखंड महाबुद्धाच्या मंदिराचे खिळे आणि पट्ट्या बनवायला जाईल, आणि देणाऱ्याचे इहलोकी व परलोकी कल्याण होईल. जनतेला निःशस्त्र करण्याच्या राजकारणावर पुण्याचे नाव कोरलेले होते.

म्हणून मी या आक्षेपाला रूपकाने उत्तर देणार नाही. तलवार शस्त्र आहे, हे मालकाने नाकारू नये. ‘सामुराईचा आत्मा’ अशा शब्दांत ती गुंडाळली की तिच्याने झालेल्या हत्या नजरेआड होतात, आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींत हे शब्द जागोजागी असतात. सामुराईच्या तलवारीची ही प्रतिमा पाश्चात्त्य वाचकांत रुजवणाऱ्यांत नितोबे इनाझो ठळक होता. त्याचे ‘बुशिदो’ हे पुस्तक 1900 साली इंग्रजीत, परदेशी वाचकांसाठी आले. सामुराईंना तलवार कमरेला लावण्याची बंदी त्याआधीच, 1876 मध्ये झाली होती. कायदेही वस्तूला शस्त्र म्हणूनच ओळखतात. जपानमध्ये लोहाराला परवाना लागतो, महिन्याला दोनच लांब तलवारी करता येतात आणि प्रत्येक पात्याची नोंद होते. परंपरेने न घडवलेल्या धारदार पात्याला तिथे नोंदच मिळत नाही. म्हणजे लोंगच्वानची धारदार तलवार ज्या देशाच्या तलवारीचे रूप घेऊन जन्मते, त्याच देशात तिला जागा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2008 पासून 50 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वक्र तलवारींच्या विक्रीवर बंदी आहे, परंपरेने हाताने घडवलेल्यांना सूट आहे. भारतात 1959 चा शस्त्र कायदा लागू आहे. तो आणि आपल्या जिल्ह्यातले आदेश घेणाऱ्याने आधी पाहावेत. ही अडचण मी बाजूला सारत नाही. शस्त्राला शस्त्र म्हणणारा मालक त्याला कुलपात ठेवतो, मुलांच्या हाती देत नाही, पाहुण्यांसमोर फिरवत नाही. एवढ्याने बुद्धाची अट पुरी होते का? पूर्ण नाही. ज्याला ती अट निरपवाद पाळायची आहे, त्याने घेऊ नये, आणि त्याच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला नाही. जो घेतो, त्याच्याकडून मात्र पात्याविषयी जेवढे सत्य मागतो तेवढेच त्याने स्वतःच्या हेतूविषयी बोलावे, एवढी मागणी रास्त आहे.

राहिला अपरिग्रहाचा मुद्दा. संग्रह म्हणजे आसक्ती, स्वस्त वस्तूंचा संग्रह म्हणजे स्वस्तातली आसक्ती. यात तथ्य आहे, आणि एकामागून एक दहा स्वस्त तलवारी भिंतीवर टांगणाऱ्याला ते लागू पडते. पण एकच साधी तलवार नीट अभ्यासणाऱ्याकडे पाहा. तो मूठ उतरवतो, जुने तेल पुसून लवंगेच्या तेलाचा हलका थर देतो, वजन कुठे तोलते ते पाहतो, आणि मग संग्रहालयात बिझेनचे पाते पाहताना त्याला पूर्वी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात. त्याच्या घरातले पाते त्या दर्जाचे नसते, आणि ते तसे नाही हे त्याला ठाऊक असते. कधी ते विकायची वेळ आलीच, तर पुढच्याला पहिल्याच वाक्यात सांगावे : लोंगच्वान, 1060 पोलाद, रेषा नाही, नाव नाही, इतक्याला घेतली होती.